देवाशी कट्टी

“मॅडम, तिचा देवावरचा विश्वासच उडालाय.” खुर्चीत नीट बसायच्या आधीच आईने सांगून टाकलं. वडील शेजारी मोबाइल उलटसुलट करत होते. मुलगी सात वर्षांची. तिला इथे चिमी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रोज संध्याकाळी आजोबांच्या शेजारी हात जोडून उभी राहणारी ही मुलगी, ते वारल्यापासून, म्हणजे दोन महिने, देवाकडे बघायलाही तयार नव्हती. वहीच्या मागच्या पानावर ‘देवाशी कट्टी’ लिहून ठेवलं होतं. शिवाय उलट बोलणं, मुद्दाम दूध सांडणं, धाकट्या भावाला ढकलणं.

“आमचं काही चुकलं का?” मुलं आणि देव या विषयात समुपदेशक म्हणून मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा हा प्रश्न. मूल देवावर चिडलं तरी पालक घाबरतात, फार भाविक झालं तरी घाबरतात. वडील स्वतः देव मानत नव्हते. “देव-बिव काही नसतं असं सांगून टाकू का? प्रश्नच मिटेल.” मी म्हटलं, तुमचा मिटेल. तिचा प्रश्न काय आहे ते आपल्याला अजून कुठे कळलंय?

चिमीला मी देवाचं चित्र काढायला सांगितलं. तिने चांगला वेळ घेतला. सुपाएवढे कान, शर्ट, पँट. हात मात्र नव्हते. मी मनातल्या मनात अर्थ लावायलाही लागले, की हिला देव हतबल वाटतो वगैरे. आमच्या पेशातली ही खोडच.

“हात राहिले का गं?”

“नाही. खिशात आहेत.” मग तिने दोन्ही खिसे गिरवून काळे केले, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत. “आबांच्या वेळी पण खिशातच होते.”

देवाने शर्ट-पँट घालणं या वयात नवलाचं नाही. मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट हार्म्स यांनी हजारो मुलांकडून देवाची चित्रं काढून घेतली होती. १९४४ साली त्यांनी मांडलं की तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा देव गोष्टीतल्या राजासारखा, ढगांत राहणारा असतो आणि सातच्या पुढे तो माणसासारखा होत जातो. माणसासारखा झाला की त्याला जाबही विचारता येतो. चिमीचा विश्वास उडाला नव्हता, हे मला त्या खिशांवरूनच कळलं. नसलेल्याशी कोण कट्टी करेल?

पण दूध सांडण्याचा मेळ लागेना. तो तिसऱ्या भेटीत लागला. मातीचे गोळे करता करता तिने विचारलं, “वाईट माणसं उशिरा मरतात ना?”

“कोण म्हणालं?”

“सगळेच. चांगली माणसं देवाला लवकर आवडतात.”

भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य म्हटलं होतं आणि ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणून मुद्दाम वाईट वागून, आपण लवकर मरू नये याचा तिने बंदोबस्त केला होता. आणि भाऊ? “मी ढकललं की तो पण मारतो. मग तो पण वाईट होतो.” म्हणजे ती भावाला वाचवत होती.

‘देवाघरी गेले’, ‘देवाने बोलावून घेतलं’ ही आपली भाषा मोठ्यांना सोसावी म्हणून मऊ झालेली आहे. मूल ती शब्दशः घेतं. त्यात वागणूक आणि संकट यांची गाठ या वयात पक्की असते. बालविकासाचे अभ्यासक जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये नोंदवलेल्या गोष्टीत सफरचंदं चोरून पळणारा मुलगा पूल मोडून पाण्यात पडतो. चोरलं नसतं तर पडला असता का? सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हणाली, नसता पडला. वय वाढतं तसं हे उत्तर मागे पडत जातं, पण चिमीला दिलासा आज हवा होता.

कट्टी सोडवायची नाही, असं मी आईला बजावलं. आधी शरीराचं सांगायचं, साध्या शब्दांत: आबांचं हृदय आजारी होतं, औषधं देऊनही ते थांबलं, म्हणून आबा मेले. ‘मेले’ हा शब्द टाळायचा नाही. पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना कळू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही. आपणच आडपडदा ठेवून गोंधळ घालतो. कुणी चांगलं वागल्याने किंवा वाईट वागल्याने मरत नाही, हेही सांगायचं, पुन्हा पुन्हा. हे काम वडिलांनी केलं, आणि फार छान केलं. “मग देवाचं काय सांगू?” आईने विचारलं. तुम्हाला वाटतं ते, ‘मला वाटतं’ असं म्हणून. बाबांना तसं वाटत नाही, हेही तिला कळलं तरी चालेल.

दूध सांडणं थांबलं. (भीतीपायी झोप उडाली असती, शाळा सुटली असती किंवा माफी मागण्याचे फेरे संपेनासे झाले असते, तर मी तिला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.) महिन्याभराने आईचा फोन आला.

“हात जोडत नाही अजून. समोर उभी राहते आणि मोठ्याने सांगते, मी रागावलेय. हे चालेल ना?”

“तुमच्यावर रागावली की काय करते?”

“बोलतच नाही. दार आपटते.”

“मग तिकडे निदान बोलतेय,” मी म्हटलं. पलीकडून बऱ्याच वेळाने हसल्याचा आवाज आला.