कोच सोडून जाणार अशी वावडी उठली की त्यातलं किती खरं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अमेरिकेत शिकायला आलात, तुमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम यंदा जोरात खेळली आणि आता रोज कोच दुसरीकडे चालल्याच्या बातम्या येतायत. यातलं खरं किती, आणि इतकं जिंकणारा माणूस जातो तरी का, असा तुमचा प्रश्न आहे. मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. मुलगी स्टोर्सला यूकॉनमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटमध्ये शिकते. जून 2024 चे ते पाच दिवस आमच्या घराने जीव टांगणीला लावून काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे कोच डॅन हर्ली. 2023 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, आणि 8 एप्रिल 2024 ला पर्ड्यू युनिव्हर्सिटीला 75-60 हरवून लागोपाठ दुसरं. त्या दुपारी इथे सूर्यग्रहण दिसलं होतं आणि रात्री सगळं राज्य रस्त्यावर उतरलं होतं. लागोपाठ दोनदा जिंकणं त्याआधी फ्लोरिडा युनिव्हर्सिटीला जमलं होतं, 2006 आणि 2007 मध्ये. दोन महिने आनंदात गेले. मग 6 जूनच्या गुरुवारी सकाळी बातमी फुटली की एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सना हर्ली हवेत आणि ते मोठा करार देऊ करणार आहेत. शुक्रवारी हर्ली लॉस एंजेलिसला जाऊनही आले. आकडा बाहेर आला तो सहा वर्षांचे सात कोटी डॉलर.

मुलगी सुट्टीला घरी होती. रात्री पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात जिन्याच्या पायरीवर बसलेली, फोनचा उजेड तोंडावर, दर मिनिटाला पान खाली ओढून बघतेय. मी म्हटलं, झोप गं, सकाळी कळेल. ती म्हणाली, "बाबा, ते गेले तर पोरंही जातील." तिला जे त्या रात्री कळत होतं ते मला समजायला आणखी काही दिवस लागले. त्याबद्दल खाली लिहितोच.

आधी तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. या बातम्या आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी पुडी सोडतं. कोचचा एजंट सोडतो, कारण दुसरीकडून मागणी आहे म्हटलं की आहे त्या ठिकाणी पगार वाढतो. ज्या कॉलेजला कोच हवाय तिथले देणगीदार सोडतात, कारण त्यांना आपलं कॉलेज मोठ्या नावांच्या मागे आहे हे दिसायला हवं असतं. बरेचदा तिघेचौघे मिळून पाणी जोखत असतात. म्हणून बातमी वाचली की आधी मनात विचारा, हे छापून आल्याने आज फायदा कुणाचा? उत्तर फक्त कोचच्या पगाराशी येऊन थांबत असेल तर फार घाबरू नका. माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतोय, एवढंच.

पण कधीकधी खरंच खुर्ची रिकामी असते, आणि एक रिकामी झाली की रांगच हलते. 2024 चा वसंत आठवतोय? डॅलसच्या एसएमयू या कॉलेजने कोचला काढलं. त्या जागी लॉस एंजेलिसच्या यूएससी कॉलेजचे अँडी एनफील्ड गेले. त्यांच्या जागी आर्कान्सॉ युनिव्हर्सिटीचे एरिक मसलमन. आर्कान्सॉला केंटकी युनिव्हर्सिटीचे जॉन कॅलिपारी गेले, पंधरा वर्षांचं बस्तान उचलून. केंटकीने बीवाययू या यूटातल्या कॉलेजच्या मार्क पोपना आणलं आणि बीवाययूने एनबीएतल्या फीनिक्स सन्सचे सहायक कोच केविन यंग यांना. हे सगळं महिन्याभराच्या आत! डॅलसमधल्या एका निर्णयाचं पाणी केंटकीपर्यंत पोचलं. तुमच्या कोचचं नाव ऐकलंत तर कुठली खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या मागची कुठली रिकामी होईल, हे आधी बघा. बातमी बोलते त्यापेक्षा ती रांग जास्त सांगते.

आणि कुठल्याही "आमचे कोच कुठेही जात नाहीत" या निवेदनावर विसंबू नका. केंटकीच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी मार्चच्या शेवटी जाहीर केलं होतं की कॅलिपारी सोळाव्या सीझनलाही राहणार. दोन आठवडे होतात न होतात तोच कॅलिपारी गेले. म्हणजे ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ओकलंड या छोट्या कॉलेजकडून पहिल्याच फेरीत हरल्यावर लोक चिडले होते, पण कॅलिपारींना काढायचं तर 3 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास मोजावे लागले असते, तेव्हा राहतील म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग ते स्वतःच निघाले आणि प्रश्नच मिटला.

जाणाऱ्या कोचलाही करार मोडल्याबद्दल जुन्या कॉलेजला भरपाई द्यावी लागते. तिला बायआउट म्हणतात, आणि बहुतेकदा नवी नोकरी देणाराच ती भरतो. अनेक करारांत ठरलेल्या तारखेनंतर ही रक्कम उतरते. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर बहुतेक वेळा करार बघायला मिळतो. तो शोधा, तारीख पाहा. वर्तमानपत्रांतल्या शंभर तर्कांपेक्षा ती एक ओळ कामाची.

सही झाली म्हणजे संपलं असंही नाही. फ्लोरिडाच्या बिली डोनोव्हननी 2007 मध्ये दुसरं विजेतेपद मिळवलं आणि दोन महिन्यांनी ऑरलँडो मॅजिक या एनबीए संघाचा करार घेतला. पत्रकार परिषदही झाली. आणि मग दोन-तीन दिवसांत त्यांचं मन फिरलं, परत फ्लोरिडाला जाऊ द्या म्हणाले. मॅजिकने सोडलं, पण पाच वर्षं एनबीएत कोच व्हायचं नाही या अटीवर. ते अखेर 2015 मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरला गेले. याच्या अगदी उलट बटलरचे ब्रॅड स्टीव्हन्स. लहानशा कॉलेजला 2010 आणि 2011, दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात नेल्यावर दरवर्षी त्यांच्या नावाच्या कंड्या पिकायच्या आणि ते तिथेच राहायचे. जुलै 2013 मध्ये मात्र कुणाला चाहूलही नसताना ते एनबीएतल्या बॉस्टन सेल्टिक्सला गेले. खरी बोलणी चालू असतात तेव्हा बोलणारे गप्प असतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आता कोच जातात तरी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पैसा आहेच. पण कॉलेजच्या कोचचं काम आता वर्षभर विझत नाही. शाळेतल्या पोरांच्या घरी जाऊन त्यांना आणायचं, आणलेल्यांना दरवर्षी पुन्हा राजी करायचं, त्यांच्या मानधनाची सोय बघायची. एनबीएत फक्त खेळ शिकवायचा असतो, म्हणून ओढ वाटते. अडवते ती मुळं. हर्ली जर्सी सिटीचे. वडील बॉब हर्ली तिथल्या सेंट अँथनी शाळेचे नावाजलेले कोच, भाऊ बॉबी ड्यूक युनिव्हर्सिटीकडून दोन विजेतेपदं जिंकलेला. डॅन स्वतः आधी न्यूअर्कच्या शाळेत, मग वॅग्नर आणि ऱ्होड आयलंड या कॉलेजांत आणि 2018 पासून इथे. सगळं आयुष्य या पूर्व किनाऱ्यावर गेलं. ड्यूकचे त्या वेळचे कोच माइक शशेव्स्की यांनाही 2004 मध्ये लेकर्सनी बोलावलं होतं आणि ते गेले नव्हते.

आणि जिन्यावर बसलेल्या माझ्या पोरीला कळत होतं ते हे: कोच गेला की, त्या वेळच्या नियमाप्रमाणे, प्रत्येक खेळाडूला कॉलेज बदलायला 30 दिवस मोकळे मिळायचे. कॅलिपारी गेल्यावर केंटकीत शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू उरला नाही. पोपना शून्यापासून टीम उभारावी लागली. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर कॉलेज निवडताना इमारत निवडत नाही, माणूस निवडतं. त्या माणसाबद्दल रोज नवी अफवा येत असते तेव्हा त्या पोराला वर्गात बसून परीक्षाही द्यायची असते. ही गोष्ट मला अजूनही सलते. आपण प्रेक्षक हळहळतो, पण घर बदलावं लागतं ते त्याला.

आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या शनिवारी गवत कापलं नाही. ऐंशीच्या पुढे आहेत, जिम कॅलहून यूकॉनचे कोच होते तेव्हापासून सीझनचं तिकीट काढतात. कुंपणाशी उभं राहून म्हणाले, "व्हेलर्स गेले तेव्हाही असाच शनिवार होता." हार्टफर्ड व्हेलर्स हा आइस हॉकीचा संघ 1997 मध्ये इथून नॉर्थ कॅरोलायनाला गेला. पुढच्या वर्षी पेट्रियट्स हा फुटबॉल संघ हार्टफर्डला येणार असं ठरलं, आणि 1999 मध्ये त्यांनीही शब्द फिरवला. या राज्याकडे पुरुषांचा मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते स्टोर्सच्या त्या कॉलेजचं आहे, म्हणून इथल्या माणसाला अशी बातमी जिव्हारी लागते.

सोमवारी, 10 जूनला, दुपारी हर्लींनी नकार कळवला. लेकर्सनी थोड्याच दिवसांत जेजे रेडिकला कोच म्हणून घेतलं, आणि जुलैत हर्लींचा यूकॉनशी सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा नवा करार झाला. म्हणजे दोन कोटी कमी घेऊन ते राहिले. आणि त्या वावडीनंतर त्यांचा पगार वाढला हेही खरं, वर सांगितलेलं पहिलं कारण आठवावं असंच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात.

त्या संध्याकाळी आजोबांचं गवत कापायचं मशीन सुरू झालं. मुलगी आत येऊन म्हणाली, बाबा, आता त्यांना सांगा, यंदा स्टोर्सला मॅचला न्यायला मी येते गाडी घेऊन.