वाचकांचे प्रश्न : गाठीतला धूर आणि जिन्याखालचा मीटर

कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या आगींविषयी खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण कापसाचा मोसम तोंडावर आहे.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये गेल्या मोसमात एका जिनजवळ (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राजवळ) कापसाने पेट घेतला. आम्ही भरपूर पाणी मारले आणि अर्ध्या तासात आग विझली. मात्र तिसऱ्या दिवशी पहाटे गोदामातील एका गाठीतून धूर येऊ लागला. मालक म्हणतात की हा उन्हाचा परिणाम आहे. विझलेली आग पुन्हा लागते कशी?
(एक सुपरवायझर, तालुका धरणगाव)

उत्तर : आपली आग पुन्हा लागली नाही, कारण ती पहिल्या दिवशी विझलीच नव्हती. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो आणि त्यामुळे वरून मारलेले पाणी आत न मुरता घरंगळून जाते. ढीग वरून काळा आणि ओला दिसतो, पण आत तंतूंच्या मध्ये अडकलेल्या हवेवर ठिणगी ज्वाळेवाचून धुमसत राहते. अशी धुमसणारी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये गेली की सुमारे 170 किलोच्या गाठीच्या पोटात निखारा बांधला जातो आणि तो बाहेरच्या कापडापर्यंत पोहोचायला कित्येक तास, प्रसंगी काही दिवसही घेतो. आपल्या गाठीचे नेमके हेच झाले असावे.

उन्हाचे म्हणाल, तर जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो हे खरे, परंतु कापूस पेटायला साधारण 400 अंशांच्या आसपास तापमान लागते. ऊन कापसाला कोरडा करते, म्हणजे ठिणगीचे काम सोपे करते, पण ठिणगी दुसरीकडूनच यावी लागते. ‘उन्हाने पेटला’ हे उत्तर चौकशी मिटवायला सोयीचे असते, एवढेच. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. सरकीच्या तेलाने माखलेल्या चिंध्या किंवा कापूस ढिगाने कोपऱ्यात पडून राहिला, तर तो हवेशी संयोग होऊन आपोआप तापू शकतो. शेजारी तेलघाणी असलेल्या जिनिंगमध्ये अशा चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून रोजच्या रोज बाहेर काढाव्यात.

ठिणगी बहुतेक वेळा कापसाबरोबरच आत येते. वेचणीत आलेला खडा, ट्रॉलीतून पडलेला बोल्ट किंवा तारेचा तुकडा यंत्राच्या फिरत्या पोलादावर आपटतो आणि ठिणगी उडते. म्हणून कापूस यंत्रात जाण्यापूर्वीच्या मार्गावर लोहचुंबक बसवणे आणि त्याला चिकटलेले लोखंड प्रत्येक पाळीत काढणे आवश्यक आहे; चुंबक लोखंडाने भरून गेला की तो नसल्यासारखाच असतो. दगड चुंबकाला लागत नाही, त्यासाठी कापसाच्या गंजीवरचा माणूसच लागतो. याशिवाय रोलर आणि पाते यांच्यातील घर्षण, कोरडे पडलेले बेअरिंग आणि त्याभोवती गुंडाळली गेलेली रुई ही नेहमीची ठिकाणे आहेत. बेअरिंगवर साचलेली पांढरी पुसटशी रुई एरवी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून पाळी बदलताना ती झाडण्याचे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर असावे.

आता आग दिसल्यावर काय करायचे ते पाहू. पाण्याकडे धावण्याआधी कापूस ओढणारा सक्शनचा पंखा बंद करावा. तो चालू राहिला, तर एका जिनवरची ठिणगी पाईपातून पुढच्या यंत्रात आणि तिथून रुईच्या ढिगात जाते. विझवायच्या पाण्यात थोडी साबणाची पावडर मिसळली, तर मेणाचा अडथळा कमी होऊन पाणी आत मुरते. जळालेला ढीग बाहेर मोकळ्या जागेत नेऊन, पसरून, उकरून भिजवावा. त्या सुमारास बांधलेल्या गाठी मात्र गोदामात नेऊ नयेत. त्या पटांगणात एकमेकींपासून दूर ठेवून किमान पाच-सहा दिवस हाताने चाचपाव्यात आणि वास घ्यावा. संशयित गाठीच्या पट्ट्या छपराखाली कधीही कापू नयेत, कारण दाब सुटताच आत हवा शिरते आणि धुमसणारी गाठ भडकते.

जाता जाता एक गोष्ट. वजनकाट्यावर पाळी लागेपर्यंत शेतकरी रात्रभर ट्रॉलीजवळ थांबतात आणि थंडीत पऱ्हाट्यांची (कापसाच्या वाळलेल्या झाडांची) शेकोटी पेटवतात. त्यांना नुसते हटकण्यापेक्षा गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक आडोशाची जागा करून दिली तर ते आनंदाने तिथे बसतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मीटर जिन्याखाली आहेत आणि तिथेच जुन्या खतावण्यांचे गठ्ठे ठेवलेले आहेत. उन्हाळ्यात एसी लावला की एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा खटका) पडत असे. वायरमनने मोठा एमसीबी बसवून दिला, तेव्हापासून तो पडत नाही. तरी मनात धाकधूक वाटते.
(एक लिपिक भगिनी, धुळे)

उत्तर : आपली धाकधूक योग्य आहे. एमसीबी भिंतीतल्या तारेचे रक्षण करण्यासाठी असतो आणि तो पडत होता, म्हणजे त्याचे काम करत होता. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर 16 अँपिअरऐवजी 32 अँपिअरचा एमसीबी बसवला, तर तार तापून तिचे आवरण मऊ पडेपर्यंत काहीच पडत नाही. एसीसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र जाड तार ओढून घ्यावी आणि जुन्या तारेवर जुन्याच क्षमतेचा एमसीबी परत बसवावा.

दुसरा धोका एमसीबीला कळतच नाही, तो म्हणजे ढिली जोडणी. तिथे प्रवाह वाढत नाही, फक्त तेवढी एक जागा तापत राहते. एका कार्यालयात मी पाहिले होते की पाणी तापवण्याच्या किटलीची पिन सॉकेटमध्ये हलत होती, म्हणून कोणीतरी फटीत आगपेटीची काडी खोचून ती घट्ट केली होती! सॉकेटचे एक भोक तपकिरी झाले होते आणि काडीचे टोक कोळशासारखे काळे पडले होते. तिथले सर्वजण त्या किटलीचा चहा रोज पीत होते. विचारल्यावर शिपायाने हसून ‘काही व्हत नही’ असे उत्तर दिले. आपल्या कार्यालयातील प्रत्येक सॉकेटवर अशी तपकिरी छटा दिसते का, तेवढे या आठवड्यात पाहून घ्या.

खतावण्या मात्र आजच हलवा. जिना हा धुरासाठी धुराड्याचे काम करतो, आणि वरच्या मजल्यावरील माणसांना उतरायला बहुधा तेवढा एकच मार्ग असतो.

प्रश्न : मी चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. माल चोरीला जाऊ नये म्हणून शटर बाहेरून कुलूप लावून बंद केले जाते. चावी वॉचमनकडे असते. हे चालते का?
(एक कामगार, जळगाव)

उत्तर : अजिबात चालत नाही. आत माणूस असताना बाहेर पडण्याचा दरवाजा आतून, चावीशिवाय उघडता आलाच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये 25 मार्च 1911 रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा 146 कामगार मरण पावले आणि जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. तिथे कापड होते, आपल्याकडे प्लास्टिक आहे. प्लास्टिक वितळून पेटते थेंब खाली पडतात आणि त्याचा काळा विषारी धूर काही मिनिटांतच दार दिसेनासे करतो. वॉचमन कुठे आहे हे शोधायला तेवढा वेळ मिळत नाही. चोरीची भीती असेल, तर आतून दाबताच उघडणारी कडी आणि दार उघडले की वाजणारी घंटा बसवता येते. हे उत्तर मालकांना दाखवावे, आणि एकट्याने न जाता चार सहकाऱ्यांनी मिळून जावे.

प्रश्न : आमच्या मिरचीच्या गोदामात आग विझवण्याचे लाल सिलिंडर तीन वर्षांपासून टांगलेले आहेत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे. तेवढे पुरे का?
(एक व्यापारी, नंदुरबार)

उत्तर : काटा आतला दाब सांगतो, पावडरची अवस्था सांगत नाही. पावडर तळाशी बसून घट्ट झाली, तर दाब असूनही ती बाहेर येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, त्याचे वजन करूनच गॅस उरला आहे की नाही ते समजते. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावे लागते. तीन वर्षांत आपल्याकडून ते किती वेळा गेले, ते फाइलीत पाहावे.

सहा किलोचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, म्हणून सराव आधीच हवा. सुट्या मिरचीवर किंवा भुकटीवर जवळून झोत मारला, तर जळते तुकडे उडून पसरतात. झोत थोडा दुरून, आगीच्या बुडाशी मारावा. दरमहा प्रत्येक सिलिंडर खुंटीवरून उतरवून, पिन तशीच ठेवून, उलटा धरावा आणि पत्र्याला कान लावावा. आत पावडर सरसर घसरल्याचा आवाज आला नाही, तर तो त्याच दिवशी भरायला पाठवावा.