डिसेंबरातली कातरवेळ

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तू डिसेंबरात मुलांच्या बालगृहात रुजू होतो आहेस. गोव्यात कसली थंडी, असं घाटावरचे लोक हसून म्हणतात आणि पाऱ्याच्या हिशेबाने ते खरंच आहे. पणजीत पहाटे २० अंशांच्या आसपास, आतल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडे थोडं खाली, आणि दुपारी पुन्हा ३२. मुलांना छळतो तो गारठा नव्हे, लवकर पडणारा काळोख. मे महिन्याच्या शेवटी सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहा वाजून गेले की लगेच. मैदानातला जवळजवळ एक तास असा कापला जातो आणि रात्रीचं जेवण मात्र आठलाच राहतं. मारामाऱ्या, कुंपणाकडे लागलेले डोळे, कोपऱ्यात धरलेलं मौन, सगळं त्या मधल्या दोन तासांत साचतं.

म्हणून पहिलं काम वेळापत्रक सरकवण्याचं. खेळ साडेचारला सुरू कर आणि पावणेसहाला थांबव. ट्यूबलाइट अंधार पडल्यावर नव्हे, त्याच्या वीस मिनिटं आधी लागली पाहिजे. मध्येच बत्ती गेली तर कोण कुठे बसतं हे आधी ठरवून ठेव. हातपाय धुऊन झाले की सहाला चहा आणि सोबत पोटभरीचं काही: पाव-भाजी, उकडलेली अंडी, शेंगदाणे. दुपारी एकला जेवलेला चौदा वर्षांचा मुलगा आठपर्यंत कोरा राहिला तर तो कुणाच्या तरी अंगावर जाणार. त्यात स्वभावाचा भाग कमी आणि भुकेचा जास्त. शिक्षा म्हणून खाणं कधीच तोडायचं नाही, उशिरा द्यायचंही नाही.

चहानंतर हाताला काम हवं. टीव्हीने मुलं गप्प होतात, पण रिमोटवरून जे पेटतं ते विझवायला अर्धी रात्र जाते. नाताळच्या आधी नक्षत्रं, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील, करायला घे. एका नक्षत्राला साधारण साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्या एकीवर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची, मग आतल्या पाच कोनांत बोटभर लांबीचे पाच टेकू सारायचे, की पोट फुगतं. टेकू आखूड पडले तर नक्षत्र चपटं होतं, लांब झाले तर टोकाची गाठ सुटते. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत एलईडीचा दिवा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेट घेतो. याचा खरा फायदा असा की टोक आवळताना चार हात लागतात, एकट्याला ते जमतच नाही. फक्त कालच भांडलेल्या दोघांना ‘आता मैत्री करा’ म्हणून एकत्र बसवू नकोस, त्यांना शेजारच्या दोन नक्षत्रांवर बसव. कामट्या तू स्वतः सोलून आण. कोयती, सुऱ्या, कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. एक कात्री कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी खोलीबाहेर जात नाही. हे रागावून सांगायचं नाही, बसचं तिकीट मागतात तितक्या साध्या आवाजात सांगायचं.

सकाळचं भांडण गरम पाण्यावरून होतं. पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला अर्धा तास घेतो. त्यात थंड मिसळून अंगावर घेण्याजोगं पाणी होतं पंचावन्न-साठ लिटर, म्हणजे फार तर पाच मुलांचं. साडेपाचला बटण दाबलंस तर सहा, साडेसहा आणि सात अशा तीन पाळ्या होतात, पंधरा मुलं. वीस असतील तर उरलेल्या पाच जणांची आंघोळ संध्याकाळी खेळ संपल्यावर. पाळ्या दर आठवड्याला बदल, नावं भिंतीवर लाव आणि त्यात कुणासाठीही खाडाखोड करू नकोस. अपवाद एकच: अंथरूण ओलं करणाऱ्याची पाळी कायम पहिली असते आणि त्याचं कारण भिंतीवर लिहायचं नसतं. त्याच्या कप्प्यात जादा चादर ठेव, गादीवर रेक्झिन घाल. ओली चादर तो स्वतः बादलीत टाकेल. तू पाहिलंस हे त्याला कळू नये.

याच दिवसांत एकेका पांघरुणात दोघं-तिघं शिरतात आणि खरूज पसरते. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला रात्री खाज सुटली की ओळख. डॉक्टर बहुधा पाच टक्क्यांचं परमेथ्रिन देतात. ते मानेखाली सगळ्या अंगाला, नखांखालीसुद्धा, रात्रभर ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा. ज्याला खाजतं त्यालाच लावलं, तर महिनाभर ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर फिरत राहील. खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री लाव. कपडे-पांघरुणं कढत पाण्यात धू. जी धुता येत नाहीत ती पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेव.

दुपारी मुलांच्या बाह्यांकडे लक्ष ठेव. पहाटे जाकीट सगळेच घालतात. एक वाजता, बत्तीस अंशांत, पूर्ण बाह्यांचं जाकीट न काढणारा मुलगा बहुतेक वेळा मनगट झाकत असतो. बाही ओढून पाहायची नाही. त्याला बाजूला घेऊन सरळ विचार: “स्वतःला इजा करतोस का? मरून जावंसं वाटतं का?” विचारल्याने ते त्याच्या डोक्यात शिरत नाही, असलं तर बाहेर येतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस, ते तुला पाळता येणार नाही. त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही, ब्लेड, दोऱ्या आणि गोळ्या काढून घ्यायच्या, समुपदेशकाला त्याच दिवशी कळवायचं. पुढचा टप्पा बांबोळीची मनोरुग्ण संस्था. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालतो, तो ऑफिसच्या फोनशेजारी लिहून ठेव.

कुणी उसळला तर आधी बघे हलव. प्रेक्षक असले की माघार घेणं त्याला परवडत नाही. दोन हातांचं अंतर राख, तिरपा उभा राहा, दार अडवू नकोस, आवाज त्याच्यापेक्षा खाली. वाक्यं लहान, पर्याय दोनच: “व्हरांड्यात बसतोस की पाणी पितोस?” मग गप्प राहा. नव्या माणसाला ही गप्प बसायची मिनिटंच सगळ्यात जड जातात, आणि तिथेच तो उपदेश सुरू करून सगळं बिघडवतो. हात उचलणं कायद्याने गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ८२.

रात्रीच्या फेऱ्या ठरलेल्या वेळी मारू नकोस, मुलं तुझं घड्याळ पाठ करतात. टॉर्च जमिनीवर धर. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपणारे असतातच, त्यांना उघडं करू नकोस; श्वासाने चादर हलते आहे ना, एवढं पाहा आणि पुढे हो. किंचाळून उठलेल्याला खांद्याला धरून हलवायचं नाही. रात्री खांद्यावर पडलेल्या हाताचा अर्थ त्याच्या लेखी वेगळा असू शकतो. पायथ्याशी उभा राहून नावाने हाक मार, कुठे आहे ते सांग, पाणी दे.

डिसेंबरात देणगीदार येतात, केक आणि नेवऱ्या घेऊन, एका रविवारी तीन-तीन गट. जूनमध्ये छत गळतं तेव्हा त्यांतलं कुणी नसतं, असो. त्यांच्याकडे चादरी, मोजे, खोबरेल, बनियन माग. डबे भरून पडलेल्या गोडाचं काय करायचं हा प्रश्न दर वर्षीचा आहे. फोटो नाही म्हणजे नाही. मुलांची ओळख उघड करायला त्याच बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं, पाठमोऱ्या फोटोतूनही गावातला माणूस ओळखतो.

आई-वडील नाताळला येणार म्हणाले, तर ते गेटवर दिसेपर्यंत मुलाला सांगू नकोस. कदंबाची बस चुकते, पैसे नसतात, दारू आडवी येते. मुलगा मात्र सकाळपासून केस विंचरून बसतो, आणि संध्याकाळी त्या कंगव्याचा राग शेजारच्यावर निघतो. बाल कल्याण समितीच्या परवानगीने घरी जाऊन आलेल्याला ‘काय मजा केलीस’ विचारू नकोस. आंघोळ, जेवण, झोप. पुढचे दोन दिवस तो दुखावलेल्या जनावरासारखा असेल, त्याला त्या दोन दिवसांत अभ्यासाचं विचारू नये.

एखाद्याने अत्याचाराचं काही सांगितलं तर खोदून विचारू नकोस. त्याचे शब्द त्याच्याच कोकणीत लिही, वेळ घाल आणि त्याच दिवशी अधीक्षकांमार्फत पोलिसांना कळव. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याखाली न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मूल गायब झालं तरी ‘येईल तासाभरात’ म्हणून थांबायचं नाही. तक्रार लगेच नोंदवून घ्यायची, सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे आदेश तसेच आहेत. नोंदवहीत एरवीही ‘उद्धट’, ‘बेशिस्त’ असली विशेषणं नकोत. “६.४० ला ताट भिरकावलं, त्याआधी फोनवर आईशी बोलला” असं लिही. महिनाभराने या दोन ओळी शेजारी वाचल्या की त्यांतलं नातं दिसतं.

३१ डिसेंबरला मुलांना ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायचा असतोच. बाहेर रस्त्यावर पोरं दोरी धरून पैसे मागताना त्यांनी पाहिलेली असतात. जाळू दे, पण आठच्या जेवणाआधी. गवत, जुनी पँट, दोन बादल्या पाणी, आत फटाका नाही. पुतळ्याला नाव द्यायचं नाही हा नियम आधी सांग, नाहीतर कुणीतरी आपल्यातल्याच एकाचं नाव त्याच्या छातीवर लिहितो. बाराला बाहेर आतषबाजी होईल तेव्हा दचकणारे दोन-चार असतात. त्या रात्री तू जागाच राहा, व्हरांड्यातला दिवा चालू ठेव.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या फेस्तानंतर, नक्षत्रं उतरवायची. ज्या जोडीने बांधलं तिनेच सोडायचं. कागद फाटेल तो फाटू दे. कामट्यांची मोळी बांधून माळ्यावर ठेव आणि किती आहेत ते वहीत लिही.

तुझा शुभचिंतक