हत्तीच्या वाऱ्यात उभं राहू नका

आफ्रिकेतल्या हत्तींबद्दल बरीच पत्रं साचली होती. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगा ह्यूस्टनला असतो, तिकडचाच नागरिक झालाय. पुढच्या वर्षी झिम्बाब्वेत हत्तीच्या शिकारीला जायचं म्हणतो. हे कायद्यात बसतं का? दात पुण्याला आणता येतील का? (पुणे)

बसतं. देश कुठला, यावर सगळं आहे. केनियानं १९७७ मध्येच शिकार बंद केली. बोत्स्वानानं २०१४ मध्ये थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. झिम्बाब्वेत ठरलेल्या कोट्यात परवाना मिळतो आणि सोबत तिथला परवानाधारक व्यावसायिक शिकारी असावाच लागतो. दात अमेरिकेत न्यायचे तर तिथल्या वन्यजीव खात्याचा वेगळा परवाना हवा, आणि तो मिळेलच असं धरून चालू नये. पुण्याचं मात्र विसरा. आपल्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून आफ्रिकन हस्तिदंतालाही बंदी आहे. बांगडीएवढा तुकडासुद्धा बॅगेत नको.

प्रश्न : तोच मुलगा मी. बाबांनी पत्र पाठवल्याचं कळलं. तयारी काय करू, तेही सांगा. (ह्यूस्टन)

मी कॅमेरेवाला माणूस, बंदूक कधी धरली नाही. पण झांबेझीच्या खोऱ्यात तुमच्यासारख्यांना नेणाऱ्या वाटाड्यांबरोबर पुष्कळ चाललोय. त्यांचं गाऱ्हाणं एकच असतं : पाहुणे महागडी रायफल आणतात, पाय आणत नाहीत. पहाटे पाणवठ्यावर माग लागतो आणि मग दुपारपर्यंत त्याच्यामागे चालायचं. पंधरा-वीस किलोमीटर सहज होतात, तेही वाळूत. वाटाड्या खाली वाकतो, लिदीत बोटं खुपसतो आणि ऊब बघतो. आत गरम असेल तर हत्ती जवळच आहे. गार असेल तर पाणी पिऊन पुढे चला.

म्हणून सहा महिने आधीपासून रोज चाला, तेच बूट घालून. रायफल बहुतेक ठिकाणी किमान पॉइंट तीनशे पंच्याहत्तर बोअरची लागते. तिचा धक्का खांद्याला सवयीचा होईपर्यंत सराव करा, पण टेबलावर टेकून नको. तिथं टेबल नसतं. उभं राहून, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर नळी टेकवून करा. हत्तीच्या कवटीचं हाड मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि मेंदू खूप मागे, दोन कानांच्या मध्ये. त्यामुळे वीस-तीस मीटरवर जावं लागतं. तेवढ्या अंतरावर हात थरथरला तर जखमी हत्ती झाडीत शिरतो आणि त्याच्यामागे जाणं सोबतच्या माणसाच्या जिवावर येतं. तो ‘नको’ म्हणाला की बंदूक खाली. दहा दिवस चालून रिकाम्या हातानं परत येणारे खूप असतात. त्यांनी पैसे वाया गेले म्हणू नये.

प्रश्न : आम्ही फक्त बघायला जातोय, केनिया आणि झिम्बाब्वे. कपडे, लस, सामान? (नाशिक)

केनियासाठी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड हरवलं तर परतताना भारतातच विलगीकरणात बसाल. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्यांच्यावर धावते. लष्करी ठिपक्यांचे कपडे झिम्बाब्वेत नागरिकांना बेकायदा आहेत. छोट्या विमानात चाकांची कडक बॅग चालत नाही, मऊ पिशवी घ्या.

आणि झिम्बाब्वेतल्या माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर संत्री नेऊ नका. तिथं मनाईच आहे. संत्र्याच्या वासानं हत्ती तंबूपर्यंत येतो आणि गाडीचं दार त्याला दार वाटत नाही.

प्रश्न : हत्ती अंगावर आला तर पळायचं का? (ठाणे)

पळायचं नाही. तो तुमच्यापेक्षा जोरात धावतो. कान पसरून, डोकं उंच करून, चीत्कार करत येतो तो बहुतेकदा धमकावायला. वाटाड्याच्या मागे उभे राहा आणि तो सांगेल तेच करा. कान मागे दाबलेले, सोंड आत वळवलेली आणि आवाज नाही, तेव्हा खरं संकट. कानशिलावरून ओघळ आणि मागचे पाय ओले दिसले तर नर माजावर आहे, लांबूनच वळा. पिल्लाच्या आणि आईच्या मध्ये कधीच जाऊ नका.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून वारा सांभाळायचा. माझ्या वाटाड्याकडे राखेनं भरलेला जुना मोजा होता. दर पन्नास पावलांवर तो झटकायचा, धूर कुठे जातो ते बघायचा आणि काही न बोलता आम्हाला वळवायचा. हत्तीची नजर बेताची, नाक मात्र विलक्षण. एकदा राख हत्तीकडे गेली, तर जेवणाची वेळ झालेली असूनही आम्ही तासभर वळसा घातला. कोणी कुरकुरलं नाही. (मी कुरकुरलो, मनात.)

प्रश्न : आमच्या केळी आणि माड हत्तींनी मोडले. तिकडे परवाना देऊन मारतात, इथं का नाही? (दोडामार्ग)

तुमचा राग खरा आहे. पण एकट्या बोत्स्वानात एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत, तर २०१७ च्या गणनेत अख्ख्या भारतात २७,३१२ होते. शिवाय आपल्याकडे हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. आणि ज्या झिम्बाब्वेत शिकार चालते, तिथंही शेतं मोडतातच. तिथले शेतकरी हत्तीची लीद आणि कुटलेली मिरची एकत्र कालवतात, विटा थापून वाळवतात आणि रात्री शेताच्या कडेला त्यांची धुनी देतात. तो तिखट धूर हत्तीला सहन होत नाही. वनखात्याला विचारून करून बघा. मात्र वारा शेताकडून हत्तीच्या वाटेकडे असेल तेव्हाच पेटवा, नाहीतर रात्रभर खोकत तुम्हीच बसाल.