टॉवेलचा कंटेनर, मामाचा पासपोर्ट आणि एलएलबी

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दुबईत माझ्या भावाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय, तेव्हापासून ती ‘इंटरनॅशनल लॉ करणार’ म्हणते. सोलापुरात हे कोण विचारतंय? बँकेची परीक्षाच बरी ना?

उत्तर: ताई, बँकेची परीक्षा देऊ द्या की. पण लेकीचं म्हणणं हवेतलं नाही.

तुम्ही कडा शिवलेला टॉवेल न्हावाशेवाहून बोटीत चढतो, त्याच्यामागे कागदांची थप्पी जाते. व्यवहार एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे द्यायची बँकेची हमी) असेल तर बँक टॉवेल उलगडून बघत नाही, कागद बघते. एलसीत ‘बाथ टॉवेल’ आणि इनव्हॉइसवर ‘हँड टॉवेल’ पडलं, की माल कितीही चोख असो, पैसे अडकले. हे यूसीपी ६०० चे, म्हणजे एलसीसाठी जगभर वापरले जाणारे नियम. कागद तपासायला बँकेला ५ कामकाजाचे दिवस मिळतात. भांडण झालं तर कायदा कुठल्या देशाचा? देशादेशांतल्या मालविक्रीला एकसारखे नियम लावणाऱ्या १९८० च्या व्हिएन्ना करारात भारत नाही, म्हणून कायदा कुठला आणि लवाद कुठे बसणार, हे आधीच लिहून घ्यावं लागतं. आपले कित्येक मालक गिऱ्हाइकाने पाठवलेल्या कागदावर डोळे झाकून सही करतात. मला विचाराल तर लेकीचं काम तिथेच आहे.

आता मामा. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, असं १९६७ चा पासपोर्ट कायदा सांगतो. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदाही मालकाला कामगाराची कागदपत्रं अडकवू देत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका, दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासालाही कळवा. अर्ज लेकीलाच लिहू द्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (नोकरीला परदेशी जाण्याआधी तपासणी हवी) असा शेरा असतो. अमिरातीसह १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी लागते. ती चुकवायला एजंट पोरांना व्हिजिट व्हिसावर धाडतात, आणि पुढे तक्रार करायला हातात धड कागद उरत नाही.

नुसती ‘इंटरनॅशनल लॉ’ची पाटी लावून सोलापुरात पोट भरणार नाही, हे तुमचं खरं. म्हणून परदेशातल्या एलएलएमचं कर्ज आत्ता काढू नका. बी.कॉम. झालं की एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षांची एलएलबी. दयानंद लॉ कॉलेज गावातच आहे, राहण्या-जेवणाचा खर्च वाचेल. शिकता शिकता एखाद्या निर्यातदाराच्या डॉक्युमेंटेशन टेबलवर बसू द्या, पगार थोडा असला तरी. वर्षभर शिपिंग बिलं (निर्यातीचे कस्टम्सचे कागद) हाताळली की लवादाचं पुस्तक तिला परकं वाटणार नाही. बी.कॉम.मुळे हिशेब येतोच, ही तिची जमेची बाजू. नुसतं कायदा शिकलेल्यांची तिथेच दांडी उडते.

सीईटीचा फॉर्म निकालाआधीच, शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो. तारीख हुकवू नका.