मृत्युपत्रात जमीन नाही, म्हणून थोरल्याला बेदखल केलं असं होत नाही

तुमच्या यजमानांच्या स्कॉटलंडमधल्या, अँगस परगण्यातल्या पूर्वजाचं १७९० च्या दशकातलं मृत्युपत्र मिळालं. त्यात गुरं, ओट, भांडीकुंडी, येणी-देणी सगळं आहे. जमिनीचा मात्र उल्लेख नाही आणि थोरल्या मुलाचं नावही नाही. म्हणून बापाने त्याला बेदखल केलं का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. माझ्या सासूबाईंचं आजोळ बॅन्फशायरचं, छोटे लेअर्ड (म्हणजे तिथले जमीनमालक), जमीन बेताची आणि तोरा फार. त्यांच्या बाबतीत आमच्याकडे हाच वाद झाला होता.

१८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये मृत्युपत्राने जमीन देताच येत नसे. ती कायद्यानेच थोरल्याकडे जाई. कोर्टात नोंदलेलं 'टेस्टामेंट' फक्त जंगमाचं, आणि जमिनीच्या वारसाला इतर भावंडं असताना सहसा त्या जंगमात वाटा नसे. म्हणजे धाकट्यांची नावं आहेत आणि थोरल्याचं नाही, हे उलट जमीन त्याला गेल्याचं लक्षण असू शकतं. लक्षण म्हणतेय, पुरावा नव्हे. (मी वकील नाही. मृत्युपत्राला वळसा घालून जिवंतपणीच दस्त करून ठेवणारे बहाद्दरही होते.)

पुरावा हवा तर 'सर्व्हिसेस ऑफ एअर्स' बघा, आपल्याकडच्या वारसनोंदीसारखा प्रकार. पण तिथे नाव सापडलं नाही म्हणून खचू नका. वरचा जमीनदार कागद देऊन वारस मान्य करत असेल, तर कोर्टाची पायरी चढावी लागत नसे. काहींनी तर बाप जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर, जमीन विकायची किंवा गहाण टाकायची वेळ आली तेव्हा नाव लावून घेतलं. म्हणून मी सुरुवात 'रजिस्टर ऑफ सेझिन्स'पासून, म्हणजे जमिनीच्या दस्तांच्या सरकारी नोंदवहीपासून करायला सांगते. ते १६१७ पासून आहे आणि १७८१ पासूनचे गोषवारे छापलेले, इंग्रजीत आहेत. आधीचं लॅटिन नंतर बघू.

आता माझा खरा राग. घराण्याचे जुने दस्त एका वकिली कचेरीत होते, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. आम्ही पत्र पाठवलं. आधी शोधाचे पैसे भरा म्हणाले. भरले. मग बरेच महिने शांतता, आणि शेवटी दोन ओळींचं उत्तर: 'या आडनावाचे कोणतेही कागद आमच्याकडे नाहीत.' खोटंही नव्हतं! गठ्ठा इस्टेटीच्या नावाने बांधलेला होता, कारण जमीन मुलीकडून जावयाच्या घरात गेली होती. पत्रात इस्टेटीचं नाव ठळक लिहिलं होतं, तरी तिथल्या कुणालाही ते कपाटातल्या यादीत बघावंसं वाटलं नाही. पुढे तो गठ्ठा त्याच कचेरीने एका सरकारी दप्तरखान्यात जमा केल्याचं कळलं, तेही आम्हीच शोधल्यावर. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

तेव्हा कुणालाही पैसे देण्याआधी 'नॅशनल रजिस्टर ऑफ आर्काइव्ह्ज फॉर स्कॉटलंड'ची सूची इस्टेटीच्या नावाने चाळा. खासगी मालकीचे कागद कुठे आहेत ते तिथे कळतं.

आडनावाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आपला ग्रँट डफच घ्या. १७८९ मध्ये बॅन्फला जन्मला तो नुसता जेम्स ग्रँट. आईकडची ईडनची इस्टेट आली तेव्हा 'डफ' जोडलं, १८५० मध्ये बायकोला फाइफमधली इस्टेट मिळाली तेव्हा 'कनिंगहॅम'ही. अशा माणसाला आडनावाने शोधून बघा! तुमच्याकडे नंतरच्या मालकाचं आडनाव वेगळं दिसतंय, त्याचं कारणही असंच काही असेल. बायका मात्र या कागदांत माहेरच्याच आडनावाने येतात, तेवढा दिलासा.

आणखी एक. नावापुढे 'ऑफ अमुक' असेल तर मालक, 'इन अमुक' असेल तर बहुधा कूळ. टंकताना लोक हे सर्रास बदलतात आणि वंशावळीत कुळाचा लेअर्ड होतो. बाप्तिस्मा गावच्या पॅरिश रजिस्टरात (तिथल्या चर्चच्या नोंदवहीत) नसेल तर घराणं एपिस्कोपल, म्हणजे सरकारमान्य चर्चऐवजी बिशपांच्या वेगळ्या चर्चचं होतं का ते बघा, ईशान्येकडचे बरेच लेअर्ड होते. आणि दुकानात मिळणारं 'तुमच्या घराण्याचं मानचिन्ह' कृपया घेऊ नका. तिथे मानचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नाही, आणि त्याची नोंद लॉर्ड लायनच्या, म्हणजे तिथल्या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या कचेरीत १६७२ पासून आहे.

इस्टेटीचं नाव आणि पॅरिश इथे टाका, म्हणजे गोषवाऱ्यांत कुठे शोधायचं ते सांगता येईल.