न सुटणाऱ्या नटाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जुन्या पिकअपच्या पुढच्या हबवरचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा) ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, नट काही केल्या हलत नाही, तेव्हा मोठा हातोडा घ्यावा की गॅसची ज्योत, असे तू विचारले आहेस. तूर्त दोन्ही बाजूला ठेव. हा नट मुळातच अतिशय घट्ट आवळलेला असतो. बऱ्याच गाड्यांत २०० ते ३०० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने. त्यात गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे आट्यांच्या फटीत तो पाचर ठोकल्यासारखा बसलेला असतो. त्याला हवा असतो वेळ आणि सलग जोर.

सर्वांत आधी नटाचे कुलूप पाहा. काही गाड्यांत स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोके वाकवलेली पिन) असते, तर काहींत नटाची पातळ कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती कड अरुंद छिन्नीने पूर्ण उचलली नाही, तर नट फिरताना आटे खरवडत येतो. नट अजिबात दाद देत नसेल, तर तुझ्याकडूनही हेच राहिले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सोबत आट्यांची दिशाही तपासून घे, कारण काही थोड्या गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात आणि तिथे सोडवण्याचा प्रत्येक प्रयत्न नट आणखी आवळतो.

नंतर तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करून गंज सोडवणारे तेल लाव, नटाच्या सपाट बाजूंवर हलके ठोके दे, आणि रात्रभर थांब.

खरा जोर लावायचा तो गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच. चाकाची मधली टोपी काढ, हँडब्रेक ओढ, गाडी गिअरमध्ये ठेव आणि इतर चाकांना ठोकळे लाव. सॉकेट सहा कोनांचे आणि जाड भिंतीचेच घे. बारा कोनांचे सॉकेट नटाचे कोपरे गोल करते. पाऊण इंची ब्रेकर बारवर (सॉकेट फिरवायच्या लांब दांड्यावर) मजबूत पाइप चढवून एक मीटरची तरफ केलीस, तर तिच्या टोकावर ५० किलो वजन टाकल्यावर सुमारे ४९० न्यूटन-मीटर मिळतात. झटके न देता जोर हळूहळू वाढव, आणि सॉकेट निसटले तर तोल जाणार नाही असे उभे राहा. नट थोडा सैल होताच थांब; पूर्ण काढायचा तो गाडी स्टँडवर घेतल्यावरच, कारण नट नसताना हबवर गाडीचे वजन आले तर बेअरिंग खराब होऊ शकते.

ज्योतीला माझा विरोध आहे तो याच बेअरिंगमुळे. शेजारीच त्याचे ग्रीस आणि रबरी सील असतात, शिवाय तू लावलेले तेल पेट घेऊ शकते. सगळे करूनही नट हटला नाही, तर छिन्नीने नटच चिरावा. डोळ्यांवर चष्मा असू दे आणि छिन्नीचे टोक शाफ्टच्या आट्यांपर्यंत पोहोचू देऊ नकोस.

जोडणी करताना नट नवाच घे, आणि तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्यानेच आवळ.

कळावे,
तुझा हितचिंतक